जांघेतील रस्सीखेच

बेंबीवर हात ठेवा आणि तो हळूहळू खाली न्या. ओटीपोट संपते तेथे बोटांना एक कठीण हाड लागेल. हे जघनास्थी. डावे व उजवे जघनास्थी मध्यभागी कूर्चेच्या चकतीने जोडलेले असतात. या जोडाच्या दोन्ही बाजूंना, पोट आणि मांडी जेथे मिळतात, त्या घडीला आपण जांघ म्हणतो. या भागाबद्दल चारचौघांत बोलायला आपल्याला संकोच वाटतो. खेळाडूंना मात्र तो परवडत नाही, कारण फुटबॉल, हॉकी, क्रिकेट, कबड्डी अशा खेळांत वारंवार दुखावणाऱ्या जागांपैकी ही एक आहे.

असे का व्हावे? पोटाचा सरळ स्नायू बरगड्यांपासून खाली येतो आणि जघनास्थीला वरून धरतो. मांडीच्या आतल्या बाजूचे, मांड्या जवळ ओढणारे स्नायू त्याच हाडाला खालून धरतात. म्हणजे एकाच खुंटीला दोन दोर बांधलेले, एक वर ओढणारा आणि दुसरा खाली. तुम्ही फुटबॉलला जोरात लाथ मारण्यासाठी पाय मागे नेता, तेव्हा हे दोन्ही दोर एकदम ताणले जातात. आणि ताणलेले असतानाच त्यांना जोर लावायचा असतो. कबड्डीत चढाई करणारा गडी पाय लांबवतो किंवा धावता धावता झटकन दिशा बदलतो, तेव्हाही हेच घडते. स्नायू हाडाला जेथे चिकटतो त्या चिवट भागाला कंडरा म्हणतात. तिचे काही तंतू अशा वेळी तुटतात.

याच ठिकाणी आणखी एक कच्चा दुवा आहे. मुलांची वृषणे जन्मापूर्वी पोटात तयार होतात आणि नंतर खाली उतरतात. ज्या वाटेने ती उतरतात तो सुमारे 4 सेंटिमीटर लांबीचा तिरपा बोगदा पोटाच्या भिंतीत कायम राहतो. त्यातून आतड्याचा भाग बाहेर डोकावला, तर त्याला अंतर्गळ किंवा हर्निया म्हणतात. मुलींमध्ये हा बोगदा अरुंद असल्यामुळे त्यांच्यात हा विकार कमी आढळतो.

खेळाडूंच्या दुखण्याला पुष्कळदा ‘स्पोर्ट्‌स हर्निया’ म्हटले जाते. नाव फसवे आहे, कारण पुष्कळ खेळाडूंत काहीच बाहेर आलेले नसते. बोगद्याची मागची भिंत सैल झालेली किंवा कंडरा हाडापासून सुटू लागलेली असते. 2014 साली दोहा येथे जमलेल्या तज्ज्ञांनी हे नाव टाळावे असे सुचवले. वर्तमानपत्रांनी ते अजून सोडलेले नाही. मुंबईचा फलंदाज सूर्यकुमार यादव याच्यावर जानेवारी 2024 मध्ये आणि पुन्हा जून 2025 मध्ये जर्मनीत शस्त्रक्रिया झाली, तेव्हा बातम्यांत हेच नाव होते.

आता प्रश्न असा, की एकदा दुखावलेली जांघ पुन्हा पुन्हा का दुखावते? तुटलेल्या तंतूंच्या जागी शरीर प्रथम घाईघाईने डागडुजी करते. नवे तंतू बारीक असतात आणि विस्कटलेल्या गवतासारखे वाटेल तसे पसरतात. ताण सोसण्यासाठी ते ताणाच्या दिशेने ओळीत लागावे लागतात, आणि याला काही महिने लागतात. दुखणे मात्र त्याच्या किती तरी आधी थांबते! खेळाडूला वाटते आपण बरे झालो. तो मैदानात उतरतो आणि अर्धवट सांधलेला दोर पुन्हा उसवतो.

मग लगेच शस्त्रक्रिया करावी का? नाही. आधी व्यायाम. 1999 साली डेन्मार्कमधील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. जांघेचे जुनाट दुखणे असलेल्या 68 खेळाडूंचे दोन गट केले. एकाला मांड्या जवळ ओढणारे व पोटाचे स्नायू बळकट करणारे व्यायाम 8 ते 12 आठवडे दिले. दुसऱ्याला मालिश, ताण देणे, विद्युत उपचार असे उपाय केले. पहिल्या गटातील 23 जण वेदनेशिवाय खेळाकडे परतले, दुसऱ्यातील फक्त 4. दुखऱ्या स्नायूला नुसते चोळण्यापेक्षा त्याला बेताबेताने काम देणे हिताचे, हे यातून दिसते.

एवढे करूनही काही महिन्यांत गुण आला नाही, तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो. तिची तयारी आधीपासूनच सुरू होते. स्नायू जितके बळकट, तितके नंतर सावरणे सोपे. खोकला व बद्धकोष्ठ यांवर आधी उपचार करतात, कारण खोकताना किंवा कुंथताना पोटातील दाब वाढतो आणि टाक्यांवर ताण येतो. शस्त्रक्रियेपूर्वी सुमारे 6 तास जेवण बंद असते. भूल दिली की गिळण्याची व खोकण्याची प्रतिक्रिया मंदावते. अशा वेळी जठरातील अन्न वर येऊन श्वासनलिकेत शिरले, तर जिवावर बेतते. चोरून बिस्किट खाणाऱ्या रुग्णाला हे कारण कुणी सांगितलेलेच नसते.

जांघेच्या शस्त्रक्रियेचा पाया घालणारा एदुआर्दो बासिनी हा इटालियन शल्यविशारद स्वतः या जागेच्या जखमेतून वाचलेला होता. 1867 साली गॅरिबाल्डीच्या बाजूने लढताना त्याच्या जांघेत संगीन घुसली होती. पुढे वीस वर्षांनी, 1887 साली, त्याने बोगद्याची मागची भिंत थरांथरांनी शिवून काढण्याची पद्धत मांडली. शिवलेले थर ओढले जातात ही तिची अडचण. म्हणून आज पुष्कळदा भिंतीवर कृत्रिम धाग्यांची जाळी बसवतात. जाळीच्या छिद्रांतून शरीराचे स्वतःचे तंतू वाढतात आणि भिंत पक्की होते. कधी अतिताणलेली कंडरा थोडी सैलही करतात.

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात. आडवे पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका असतो. पण चालणे निराळे आणि धावणे निराळे. त्वचेच्या जखमेचेच पाहा. तीन आठवड्यांनी तिला मूळ बळकटीच्या जेमतेम पाचवा हिस्सा बळ आलेले असते! म्हणून पहिले काही दिवस जड वजन उचलायचे नाही, मग हलके व्यायाम, मग सरळ रेषेत धावणे आणि सर्वांत शेवटी झटकन वळणे व लाथ मारणे. सूर्यकुमार 2025 च्या जूनअखेरच्या सुमारास शस्त्रक्रियेतून बाहेर पडला आणि सप्टेंबरमध्ये आशिया चषकात संघाचे नेतृत्व करू लागला. मधले दोन-अडीच महिने असेच पायरीपायरीने जातात.

तुमच्या वयाच्या खेळाडूंबाबत एक वेगळी गोष्ट आहे. वाढत्या वयात कंडरेपेक्षा हाडाचा वाढता भाग नाजूक असतो. त्यामुळे मोठ्या माणसाचा स्नायू फाटेल अशा झटक्याने तुमच्या हाडाचा कपचाच निघू शकतो. खटकन आवाज होऊन पाय टेकवेनासा झाला, तर मालिश करू नका. एक्स-रे काढून घ्या.

आणि मुलांसाठी आणखी एक. वृषणात अचानक तीव्र वेदना झाली, ती जांघेत किंवा पोटात गेली, मळमळले, तर वृषणाला रक्त पुरवणारी दोरी पिळली गेलेली असू शकते. सुमारे 6 तासांत ती सोडवली, तर वृषण बहुधा वाचते. लाजेने रात्र काढली, तर सहसा ते काढून टाकावे लागते. शिक्षकांनी हे वर्गात स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. शरीरशास्त्राच्या तासाला तेवढी पाच मिनिटे नक्कीच निघतील.

खेळाडू परत खेळण्यास योग्य झाला की नाही, हे पाहण्याची एक साधी चाचणी आहे. डॉक्टर त्याच्या गुडघ्यांमध्ये आपली मूठ ठेवतात आणि ती दाबायला सांगतात. जोर पुरेसा नसला किंवा दुखले, तर मैदान अजून लांब आहे. याच स्नायूंचा एक व्यायाम निरोगी खेळाडूंनाही उपयोगी पडतो. कुशीवर आडवे होऊन, वरचा पाय सोबत्याच्या हातांत द्यायचा आणि खालचा पाय वर उचलून त्याला मिळवायचा. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील पाहणीत, हा व्यायाम नियमित करणाऱ्या फुटबॉल संघांत जांघेच्या तक्रारींचा धोका 41 टक्के कमी आढळला. लागते काय, तर एक सोबती आणि थोडी मोकळी जागा.