साथीच्या काळांत संस्था कशी चालवावी ?

साथीचा रोग आपल्या मुलखास नवा नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, १९१८ सालीं इन्फ्लुएंझा आला आणि २०२० सालीं कोरोना आला. सरकारी व्यवस्था जेथें अपुरी पडली, तेथें प्रत्येक वेळीं लोकांनीं चालविलेल्या संस्थांवर भार पडला. प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत असतां सावित्रीबाई फुले यांस त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं मृत्यु आला. एवढा त्याग सर्वांकडून घडेल असें नाहीं. परंतु सामान्य संस्थेच्या सामान्य चालकांस करतां येण्याजोगें पुष्कळ आहे; आणि त्यांतील बहुतेक काम साथ येण्यापूर्वींच करून ठेवावें लागतें. गेल्या साथींतून घेण्याजोगा मुख्य धडा हाच, असें आम्हांस वाटतें.

पहिली गोष्ट यादीची. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली. अन्नसुरक्षा कायद्याखालील शिधापत्रिकेवर ज्यांचीं नांवें होतीं, त्यांस एप्रिलपासून माणशीं दरमहा ५ किलो धान्य फुकट देण्याचें केंद्र सरकारनें ठरविलें. परंतु परगांवीं अडकलेल्या ज्या मजुरांपाशीं पत्रिकाच नव्हती, त्यांच्याकरितां मे व जून महिन्यांसाठीं निराळी योजना काढावी लागली. म्हणजे ज्याचें नांव यादींत नाहीं, त्याची भूक उशिरां दिसते. आमचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें, म्हणून सांगतों : सातबाऱ्याचा उतारा जमीन कोणाच्या नांवें आहे तें सांगतो, त्या जमिनीवर किती जणांचें पोट चालतें तें सांगत नाहीं. तोंडी बोलीवर शेत करणारा वांटेकरी, भूमिहीन मजूर, ऊसतोडीस गेलेलें बिऱ्हाड, नवऱ्याच्या मागें नांव न लागलेली विधवा, हीं त्यांत सांपडत नाहींत. सातबारा किंवा सभासदांची वही पुढें ठेवून मदत वांटणारी संस्था नियमानें वागेल खरी, पण ज्यास गरज अधिक त्यासच वगळील. याकरितां प्रत्येक संस्थेनें आळीवार व घरवार निराळी यादी ठेवावी आणि दिवाळीनंतर दरवर्षीं ती ताडून पाहावी.

दुसरी गोष्ट अधिकाराच्या वांटणीची. केरळांत १९९८ सालीं राज्य सरकारनें कुटुंबश्री हें कार्य सुरू केलें. शेजारच्या दहा ते वीस घरांतील बायकांचा एक गट, अशा गटांवर वॉर्डाची संस्था व तिच्यावर पंचायतीची संस्था, अशी तिची रचना आहे. २०२० सालीं गांवोगांवीं सार्वजनिक स्वयंपाकघरें चालविण्याचें काम या बायकांनीं उचललें. आणि राज्य सरकारनें २,००० कोटि रुपयांच्या कर्जाची योजना आंखली, तीही याच गटांमार्फत. हें एका दिवसांत घडलें नाहीं. गटाच्या आठवड्याच्या बैठकी वर्षानुवर्षें होत आल्या होत्या, म्हणून कोणाच्या घरीं चूल बंद आहे हें विचारावयास वरून कोणास यावें लागलें नाहीं.

आपल्याकडे पुष्कळ ठिकाणीं किल्ल्या, शिक्के व सही एकाच गृहस्थाच्या हातीं असतात. तो अंथरुणास खिळला कीं संस्थाही खिळते. म्हणून अध्यक्ष व चिटणीस यांच्या मागें क्रमानें कोणी काम पाहावें, बँकेंत कोणाची सही चालावी, याचा ठराव आधींच करून बँकेकडे नोंदवून ठेवावा. आपल्यावांचून संस्था चालेल अशी तजवीज करणें, हाच चालकाच्या योग्यतेचा खरा कस होय.

तिसरी गोष्ट पैशाची. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याप्रमाणें नफा मिळविणाऱ्या संस्थेस निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधींत टाकावा लागतो. परंतु तो निधी संस्थेच्या स्थैर्याकरितां आहे, धान्य वांटण्याकरितां नव्हे. आपत्तीसाठीं थोडथोडी रक्कम निराळी बाजूस काढावी. एकाच दात्यावर विसंबणेंही घातक. सप्टेंबर २०२० मध्यें, ऐन साथींत, परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. एका संस्थेस आलेली अशी देणगी दुसरीस देण्याची मनाई झाली व व्यवस्थेच्या खर्चाची मर्यादा शेंकडा ५० वरून २० वर आली. मोठ्या संस्थेच्या ओंजळीनें पाणी पिणाऱ्या लहान संस्थांचा तो झरा आटला.

त्याच वर्षीं सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांची मुदतही वाढवून मिळाली होती. सभा लांबली तरी हिशेब लांबूं देऊं नये. काय आलें, कोणास गेलें, काय उरलें, हें दरमहा फळ्यावर लावावें. संकटांत अफवा फार पिकतात. आंकडा उघडा असला म्हणजे त्यांस जागा राहत नाहीं.

शेवटची गोष्ट साथ ओसरल्यानंतरची. वर्तमानपत्रांतून रोग गेला तरी घरांतून त्याचे परिणाम जात नाहींत. २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून कोरोनानें मृत झालेल्याच्या वारसास ५०,००० रुपये साहाय्य देण्याचें ठरलें. आणि विधवा व अनाथ मुलें यांस निरनिराळ्या योजनांचा लाभ मिळावा म्हणून महाराष्ट्रांत मिशन वात्सल्य सुरू झालें. परंतु अर्ज कसा करावा, दाखला कोठें मिळतो, हें न कळणाऱ्या बाईस असा हक्क कागदावरच राहतो. वारसानें जमिनीची वर्दी गांवच्या महसूल दप्तरीं तीन महिन्यांच्या आंत द्यावी, असा नियम आहे. आणि दुःखांत बुडालेल्या घरास नेमका तेवढ्याच काळांत दुसऱ्याचा आधार लागतो. नोंद राहिली तर पीककर्ज अडतें, अनुदान अडतें, आणि पुष्कळदां दीर-भाऊबंदच वहिवाट सांगूं लागतात. अशा घरीं संस्थेच्या एका माणसानें जाऊन अर्ज लिहून द्यावा व पोंच हातीं येईपर्यंत पाठपुरावा करावा. यास पैसा फार लागत नाहीं, परंतु एका कुटुंबाची जमीन वांचते.

पुढील साथ केव्हां येईल तें कोणी सांगावें ! पण घरवार यादी, दुसऱ्या सहीचा ठराव व निराळा निधी, या तीन गोष्टी येत्या वार्षिक सभेपूर्वीं पुऱ्या करणें कोणत्याही गांवच्या शक्तीबाहेर नाहीं. वाचकांनीं आपापल्या संस्थेंत हा विषय अवश्य काढावा, अशी विनंति आहे.