चौकट : शिरपूरचं कुलूप

वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांची काळी मूर्ती आहे. ती जमिनीला टेकलेली नाही, खालून कापड सरकतं, अशी भाविकांची श्रद्धा. देव एक, पूजणारे जैन, दिगंबरही आणि श्वेतांबरही. भांडण कशावरून? लेपावरून. मूर्तीला अधूनमधून लेप द्यावा लागतो, आणि त्या लेपात कंबरेला करदोटा आणि कासोटा दिसायला हवा, असं श्वेतांबर म्हणतात. दिगंबरांचा देव निर्वस्त्र. त्यांना ती रेघच खुपते.

1905 मध्ये दोघांनी पूजेच्या वेळा वाटून घेतल्या. ते फार दिवस टिकलं नाही. 1910 मध्ये दावा दाखल झाला, तो थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचला. 1929 चा निकाल व्यवस्थापन आणि लेपाबाबत श्वेतांबरांच्या बाजूने लागला. दिगंबरांचा पूजेचा हक्क मात्र कायम राहिला. वाद तरीही धुमसत राहिला, आणि 1981 मध्ये मंदिराच्या दाराला कुलूप लागलं. पुढची जवळपास 42 वर्षं दोन्ही पंथांनी छोट्याशा झरोक्यातूनच दर्शन घेतलं (तेवढी समानता मात्र झाली!). सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च 2023 मध्ये दार उघडलं. त्यानंतर काही दिवसांतच आवारात हाणामारी झाली.