पाठदुखी : शस्त्रक्रिया केव्हा?

उसण भरणे, कंबर धरणे, मान आखडणे हे शब्दप्रयोग घरोघरी ऐकू येतात. हे दुखणे किती सार्वत्रिक आहे, याची साक्ष भाषाच देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसे कंबरदुखीने त्रस्त होती. दुखणे लांबले म्हणजे रोग्यापुढे प्रश्न उभा राहतो : शस्त्रक्रिया करून घ्यावी, की औषध, व्यायाम आणि काळ यांवर विसंबावे?

उत्तरासाठी कण्याची रचना ध्यानी घ्यावयास हवी. मानेत ७, पाठीत १२ व कमरेत ५ असे सुटे मणके असतात. बहुतेक मणक्यांच्या मध्ये कूर्चेच्या चकत्या असतात. लोक त्यांना 'गाद्या' म्हणतात. चकतीचे बाहेरील वलय चिवट, तर आतील गर मऊ असतो. वलय दुभंगून गर बाहेर आला आणि शेजारील मज्जातंतू दाबला गेला, की कळ कमरेतून पायात अथवा मानेतून हातात उतरते. बॉस्टन येथील मिक्स्टर व बार या शल्यवैद्यांनी १९३४ साली हा संबंध स्पष्ट केला आणि चकतीच्या शस्त्रक्रियेला चालना मिळाली.

तथापि चित्रात दिसणारा प्रत्येक दोष दुखण्याचे कारण असतोच असे नाही. पाठीची कोणतीही तक्रार नसलेल्या ९८ व्यक्तींचे एम.आर.आय. चित्रण करून त्याचे निष्कर्ष अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झाले. निम्म्याहून अधिक लोकांच्या निदान एका ठिकाणी तरी चकती फुगलेली आढळली. तेव्हा केवळ छायाचित्रावरून शस्त्र उचलणे युक्त नव्हे; चित्र आणि लक्षणे यांचा मेळ बसला पाहिजे.

कित्येक प्रसंगी मात्र विलंब घातक ठरतो. लघवी अडणे वा नकळत होणे, मलविसर्जनावरील ताबा सुटणे, जांघा व गुदद्वाराभोवतीचा भाग बधिर होणे, पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे, ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मानेच्या विकारात हातांचे कौशल्य जाऊ लागले, सदऱ्याची बटणे लावता येईनाशी झाली, चालताना तोल जाऊ लागला, तर प्रत्यक्ष मज्जारज्जूवर दाब पडल्याची शंका घ्यावी. येथे शेक आणि मालिश यांत दवडलेला काळ पुन्हा हाती लागत नाही.

अशी लक्षणे नसता पायात कळ येणाऱ्या रोग्याने काय करावे? यावर नेदरलँड्समध्ये झालेली एक परीक्षा उद्बोधक आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या परीक्षेत २८३ रोग्यांचे दोन गट पाडले होते. एकावर लवकर शस्त्रक्रिया योजिली, दुसऱ्यास प्रथम शस्त्रक्रियेवाचून उपचार दिले. पहिल्या गटास बरे वाटण्यास साधारण ४ आठवडे लागले, दुसऱ्यास १२. वर्षअखेरीस मात्र दोहोंतील सुमारे ९५ टक्के लोक बरे झालेले होते. दुसऱ्या गटातील ३९ टक्के रोग्यांना पुढे शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, हेही विसरता येत नाही. सारांश, शस्त्रक्रियेने आराम लवकर पडतो. थांबणाऱ्या पुष्कळांना तो तिच्यावाचूनही पडतो. ज्याचे पोट रोजंदारीवर आहे त्याला आठ आठवड्यांचे अंतर फार मोठे वाटेल; ज्याला सवड आहे त्याला वाट पाहणे श्रेयस्कर वाटेल. म्हणून हा निर्णय वैद्याने एकट्याने घ्यावयाचा नसून रोग्याच्या परिस्थितीचाही त्यात विचार हवा.

नुसतीच पाठ दुखत असेल आणि मज्जातंतूवर दाब नसेल, तर शस्त्रक्रियेचा लाभ बहुधा अनिश्चित असतो. जंतुसंसर्ग, भुलीचे धोके व खर्च मात्र असतातच. अशांना बिछान्यात पडून राहण्याचा सल्ला पूर्वी सर्रास मिळे. १९८६ सालच्या एका अमेरिकन परीक्षेत सात दिवसांपेक्षा दोन दिवसांची विश्रांती सांगितलेले रोगी लवकर कामावर परतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम व रोग्याचे शिक्षण यांवर भर दिला आणि कमरपट्टे व वजन लावून ताण देणे नित्याचे उपचार म्हणून नाकारले.

शस्त्रक्रियेची भीती आणि तिच्यावरील आंधळा भरवसा, दोन्ही सारखीच हानिकारक होत. दाब कोठे आहे, शक्ती घटत आहे काय आणि थांबल्याने काय गमवावे लागेल, हे तीन प्रश्न रोग्याने वैद्यास निःसंकोच विचारावेत. त्यांच्या उत्तरांतूनच योग्य मार्ग ठरतो.