जुन्या स्मरणिकांचा संगणक कोणत्या डिस्कवर ठेवावा?

युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्या मंडळाच्या स्मरणिका पेजमेकरमध्ये, श्रीलिपीसारख्या पॅकेजच्या फाँटमध्ये जुळवल्या जात. त्यांत २००० सालच्या बेळगावच्या साहित्य संमेलनाच्या आठवणी आहेत, १९८१ च्या निपाणीच्या तंबाखू आंदोलनात उतरलेल्यांच्या हकिगती आहेत. सांगणारे कितीतरी जण आज हयात नाहीत. या फाइली आजच्या संगणकावर उघडल्या तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. फाँट गेला की मराठी गेली.

म्हणून आम्ही विंडोज एक्सपी, पेजमेकर आणि ते फाँट असलेला जुना संगणकच 'व्हर्च्युअल मशीन' करून जपला आहे. त्याची अख्खी हार्डडिस्क आता एक मोठी फाइल झाली आहे. (एक्सपीला २०१४ पासून सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत, त्यामुळे ते नेटला जोडू नये. पॅकेजला डोंगल लागत असेल तर तो वेगळा जपावा, या फाइलीत तो येत नाही.)

ही फाइल कोणत्या डिस्कवर ठेवायची, असे सभासद विचारतात. डिस्क कोणत्या कंपनीची यापेक्षा तिच्यावर फाइलसिस्टीम कोणती, हे महत्त्वाचे. फाइलसिस्टीम म्हणजे गोदामातली नोंदवही: कोणता माल कुठे ठेवला, हे तिच्यात लिहिलेले असते.

पेनड्राइव्हवर बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट असते. फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल बसतच नाही, जागा कितीही रिकामी असो. एक्सफॅटवर बसते, पण तिथे 'जर्नल' नाही. लिहिता लिहिता वीज गेली तर नोंदवही अर्धवट राहू शकते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. शिवाय २० जीबीच्या 'रॉ' फाइलीत खरा मजकूर ३ जीबीच असला तरी एक्सफॅटवर ती पूर्ण २० जीबी जागा खाते. न्यायला-आणायला म्हणून क्यूकाऊ२ प्रकारची फाइल सोयीची.

रोज चालणाऱ्या मशीनची गोष्ट वेगळी. ते एकाच मोठ्या फाइलीत मधेमधे सतत थोडे थोडे लिहीत असते. बीटीआरएफएस जुन्या जागी न लिहिता दर वेळी नव्या जागी लिहिते. त्यामुळे फाइलीचे हजारो तुकडे होतात आणि फिरत्या हार्डडिस्कवर मशीन रखडते. फोल्डर रिकामा असतानाच ही पद्धत बंद करता येते, पण मग मजकुराची चेकसम-तपासणीही बंद होते. झेडएफएसही नव्या जागी लिहिणारी. तिला मेमरी भरपूर द्यावी लागते आणि ब्लॉकचा आकारही आधीच विचार करून ठरवावा लागतो. कार्यालयातल्या एका साध्या संगणकासाठी एवढा खटाटोप आम्हाला पटला नाही.

आम्ही लिनक्सवर एक्सएफएस घेतली. ईएक्सटी४ सुद्धा चालली असती. एक्सएफएसमध्ये काही प्रयोग करण्याआधी मोठ्या फाइलीची 'रीफ्लिंक' नक्कल क्षणात होते, ईएक्सटी४ मध्ये ती सोय नाही. मात्र एक्सएफएसचे विभाजन पुढे लहान करता येत नाही. आणि ती नक्कल म्हणजे बॅकअप नव्हे, दोन्ही प्रती त्याच डिस्कवरच्या त्याच जागा वाटून घेतात.

ठेवणीतल्या प्रतीचे गणित उलटे आहे. ती फाइल बदलतच नाही, त्यामुळे तुकड्यांचा प्रश्न उरत नाही. तिथे धोका असतो तो वर्षानुवर्षांत गुपचूप बिघडणाऱ्या एखाद्या बाइटचा. ईएक्सटी४ आणि एक्सएफएस मजकुराचा चेकसम ठेवत नाहीत, बीटीआरएफएस ठेवते. म्हणून ठेवणीसाठी आम्ही तीच वापरतो, दोन डिस्कवर आरशासारखी. एकच डिस्क असेल तर बिघाड कळतो, पण दुरुस्त होत नाही. घरी फक्त विंडोज असेल त्यांनी एनटीएफएस वापरावी आणि फाइलीचा शा-२५६ आकडा वहीत लिहून ठेवावा. दर सहा महिन्यांनी तो पुन्हा काढून ताडून पाहावा.

प्रत काढण्यापूर्वी मशीन रीतसर 'शट डाउन' करावे. चालू मशीनची साधी नक्कल पुढे उघडेलच असे नाही. आमची एक प्रत बेळगावात आहे, दुसरी निपाणीत. ज्यांच्या घरी जुन्या स्मरणिकांच्या सीडी किंवा फ्लॉपी असतील त्यांनी त्या कार्यालयात आणून द्याव्यात, नक्कल करून लगेच परत मिळतील.