लाल बोंडांचे आले आणि आमच्या मुलींचे केस



गेल्या पावसाळ्यात वसतिगृह पाहायला आलेल्या पाहुण्यांपैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. न्हाणीघरामागे ती लाल बोंडांची झाडे कसली लावली आहेत? त्या वेळी मुलींच्या जेवणाची घाई होती, म्हणून "शोभेचे आले आहे" एवढेच सांगून मी वेळ निभावली. पण ती झाडे तिथे शोभेसाठी लावलेली नाहीत. त्यांच्यामागे माझी एक चूक आहे. ती सांगितल्याशिवाय झाडाची माहिती पुरी होणार नाही, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते.

मी या वसतिगृहात अधीक्षिका म्हणून आले त्या पहिल्या वर्षीची गोष्ट. जूनमध्ये शाळा उघडली, पाड्यापाड्यांवरून मुली आल्या आणि पंधरा दिवसांत सगळ्यांच्या डोक्यांत उवा झाल्या. मुली डोक्याला डोके लावून झोपतात, एकाच कंगव्याने विंचरतात, त्यामुळे एकीच्या उवा सगळ्यांना होतात. खाजवून खाजवून दोघींच्या डोक्यांना जखमा झाल्या. मला एकच उपाय सुचला. सर्वांत लहान अकरा मुलींचे केस मी एका दुपारी कानांपर्यंत कापून घेतले. कोणाला विचारले नाही, कोणाच्या घरी कळवलेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांतली एक वारली मुलगी दिसेना. नऊ वर्षांची पोर पावसात सात किलोमीटर चालत घरी गेली होती. मी आणि स्वयंपाकाच्या मावशी तिला आणायला गेलो, तेव्हा तिची आजी ओट्यावर बसली होती. ती रागावली नाही. तिने फक्त विचारले, "ताई, पोर शिकायला नेली होती ना? मग केस कशाला कापले? घरात कोणी मेले होते का?" माझ्याकडे उत्तर नव्हते. तिसऱ्या खेपेला, ऑगस्टमध्ये, ती मुलगी परत आली. तिचे दोन महिने बुडाले ते बुडालेच.

त्यानंतर आम्ही ठरवले की उवांसाठी कोणाचे केस कापायचे नाहीत, विंचरायचे. पण ठरवणे सोपे होते. पन्नासेक मुलींचे लांब, दाट, गुंतलेले केस बारीक फणीने विंचरणे हे काम काय असते ते करणाऱ्यालाच कळते. साबणाने धुतलेल्या कोरड्या, राठ केसांतून फणी पुढे सरकत नाही. मुली रडतात आणि पळून जातात. बाजारातला कंडिशनर लावला तर फणी सरकते, पण तो इतक्या जणींना पुरवायचा म्हणजे महिन्याचा तेलसाबणाचा सगळा खर्च त्यातच जातो.

झाड आले कसे

ही अडचण मी ठाण्याच्या एका भगिनीला सहज बोलले. त्यांच्या गच्चीवर कुंड्यांत बरीच झाडे आहेत. मे महिन्यात त्यांनी कागदात गुंडाळून पाच कंद पाठवले. सोबत चिठ्ठी होती: "याला शाम्पू जिंजर म्हणतात. बोंडे लाल झाली की पिळून पाहा."

शास्त्रीय भाषेत या झाडाचे नाव झिंजिबर झेरुम्बेट. आपल्या स्वयंपाकातल्या आल्याचा हा सख्खा भाऊ. हळद, आंबेहळद, वेलदोडा आणि अंगणातला सोनटक्का हे सगळे याच कुळातले. याचे मूळ घर भारतापासून आग्नेय आशियापर्यंतच्या ओल्या रानांत आहे. तिथून प्रशांत महासागरातल्या बेटांवरचे दर्यावर्दी लोक हे कंद आपल्या होड्यांतून नेत नेत थेट हवाई बेटांपर्यंत पोहोचले. नव्या बेटावर वस्ती करायची तर सोबत काय न्यायचे, अशा मोजक्या झाडांत त्यांनी याला जागा दिली. हवाईत याला 'अवापुही कुआहिवी' म्हणतात. तिथल्या बायका पिकलेले बोंड डोक्यावर पिळून केस धूत आणि मऊ करत. कंद वाळवून केलेली सुवासिक भुकटी सालीपासून बनवलेल्या कापडांच्या घड्यांत घालत. आज मोठ्या कंपन्यांच्या शाम्पूच्या बाटल्यांवरही हे नाव दिसते.

ओळखायचे कसे

इथे आमची एक फजिती झाली. कंद लावल्याची बातमी ऐकून मोठ्या मुली रानातून लाल बोंडांचा एक भारा घेऊन आल्या. "ताई, हे तर आमच्या रानात केवढे आहे!" आम्ही पिळून पाहिले तर हाताला काहीच लागले नाही. तो पेव होता. पावसाळ्यात ओढ्याकाठी पेव सगळीकडे दिसतो आणि लाल बोंडांमुळे फसायला होते.

फरक असा. पेवाची पाने दांड्याभोवती गोल जिन्यासारखी वळत वर जातात, बोंड त्याच पानांच्या दांड्याच्या शेंड्यावर येते आणि त्यातून मोठे पांढरे फूल उमलते. आपल्या आल्याची पाने दोन बाजूंना दोन सरळ रांगांत असतात. बोंड पानांच्या दांड्यावर येतच नाही. जमिनीतून वेगळा, बिनपानांचा, हातभर दांडा निघतो आणि त्याच्या टोकाला बोंड धरते. ते आधी हिरवे असते, त्याच्या खवल्यांमधून लहान फिकट पिवळी फुले डोकावतात, मग हळूहळू ते लाल होते. लाल झालेले बोंड दाबले की खवल्यांमधून पारदर्शक, बुळबुळीत, आल्याच्या मंद वासाचा रस ओघळतो. ही खूण पटल्याशिवाय कोणतेही रानातले बोंड डोक्याला लावू नये.

लावणी

ज्यांना अंगणात किंवा कुंडीत लावायचे आहे त्यांच्यासाठी आमचा अनुभव लिहिते.

कंद मेच्या अखेरीस किंवा पहिल्या पावसाबरोबर लावावेत. प्रत्येक तुकड्याला एक-दोन डोळे हवेत. दोन-तीन बोटे खोल, डोळा वर करून लावावा आणि दोन कंदांत दीड हात अंतर ठेवावे, कारण झाड पसरते. उंची साधारण माणसाएवढी होते. कुंडी घ्यायची तर उथळ पण रुंद घ्यावी.

जागा अर्ध्या सावलीची हवी. दुपारच्या कडक उन्हात पाने करपतात. माती भुसभुशीत असावी, त्यात कुजलेले शेणखत आणि पालापाचोळा मिसळावा. ओल लागते, पण साचलेले पाणी चालत नाही. पाणी तुंबले की कंद कुजतो. पहिल्या वर्षी आम्ही सपाट जमिनीत लावले आणि जुलैच्या झडीत पाचांपैकी दोन कंद कुजून गेले. आता वीतभर उंच वाफा करतो. न्हाणीघराचे पाणी जवळून वाहते, पण ते वाफ्याच्या कडेने जाते, वाफ्यात शिरत नाही.

पहिल्या वर्षी बोंडे फार येत नाहीत, त्यामुळे निराश होऊ नये. दुसऱ्या वर्षापासून भाद्रपदाच्या सुमारास बोंडे भरू लागतात आणि आमच्याकडे दिवाळीपर्यंत पुरतात. थंडी पडली की पाने पिवळी पडून झाड पूर्ण वाळते. आमच्या एका नव्या कामवाल्या भाऊंनी झाड मेले समजून वाफा खणायला घेतला होता. झाड मेलेले नसते, कंद जमिनीखाली झोपलेला असतो. त्या काळात पाणी बंद ठेवावे. दोन-तीन वर्षांनी गड्डे दाटतात, तेव्हा उन्हाळ्यात उकरून तुकडे वेगळे करावेत.

वापर

बोंडांच्या खवल्यांत पाणी साठलेले असते, त्यामुळे मुंग्या आणि किडे हमखास असतात. म्हणून बोंडे आधी पाण्यात हलवून धुवावीत, मग भांड्यावर धरून मुठीने दाबावीत आणि रस फडक्यातून गाळावा. आमच्या मापाने एका मोठ्या बोंडातून दोन-तीन चमचे रस निघतो. बोंड न तोडता झाडावरच दाबले तर काही दिवसांनी ते पुन्हा भरते. रस त्याच दिवशी वापरावा, कारण त्यात टिकवण्यासाठी काहीच घातलेले नसते.

प्रथम वापरणाऱ्याने कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रस लावून एक दिवस वाट पाहावी. खाज किंवा लाली आली तर वापरू नये. डोक्याला जखम असेल तर ती बरी होईपर्यंत थांबावे. डोळ्यांत जाऊ देऊ नये.

आमच्याकडे मुली आधी साध्या साबणाने किंवा शिकेकाईने केस धुतात. मग ओल्या केसांना मुळापासून टोकापर्यंत हा रस चोळतात. गुंता मोठ्या कंगव्याने सोडवायचा आणि केस ओले, बुळबुळीत असतानाच बारीक फणी मुळापासून टोकापर्यंत ओढायची. प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या फडक्याला पुसायची, म्हणजे काय निघाले ते दिसते. शेवटी डोके साध्या पाण्याने धुवायचे.

एकदा विंचरून भागत नाही, कारण लिखा केसांना चिकटून राहतात आणि आठ-दहा दिवसांत त्यांतून पिल्ले बाहेर येतात. म्हणून आम्ही पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी असे चार वेळा विंचरतो. नवी पिल्ले मोठी होऊन पुन्हा लिखा घालण्याआधीच निघून जातात. हे सगळ्या मुलींचे एकाच दिवशी करावे लागते, नाहीतर एकीच्या डोक्यातून दुसरीच्या डोक्यात जातात. ऊ उडत नाही, उडीही मारत नाही, पण डोक्याला डोके लागले की चालत जाते.

या रसाने काय होत नाही

हे स्पष्ट लिहिणे गरजेचे आहे. या रसाने ऊ मरते असे आम्ही म्हणत नाही. उवा काढते ती फणी, रस फक्त फणीला वाट करून देतो. केस वाढतात, टक्कल भरते, पांढरे केस काळे होतात, असेही काही होत नाही. साबणासारखा भरपूर फेसही येत नाही. केस मऊ होतात, गुंता सुटतो आणि मूल रडत नाही. आम्हाला तेवढेच हवे होते. आणि कृपा करून कोणीही मुलांच्या डोक्याला रॉकेल किंवा शेतातले कीटकनाशक लावू नये. दोन्ही जिवावर बेतू शकतात.

बोंडे नसतात त्या महिन्यांत आम्ही जास्वंदीची पाने पाण्यात चुरगळून त्यांचा बुळबुळीत गर गाळून वापरतो. काम जवळजवळ तेच होते.

काही हितचिंतकांनी सुचवले की हा रस बाटल्यांत भरून विकावा, वसतिगृहाला मदत होईल. सूचना प्रेमाची आहे, पण आम्ही ती मानली नाही. केसांना लावायची वस्तू विक्रीसाठी तयार करायची तर सरकारी परवाना लागतो, आणि दोन दिवसांत नासणारा रस बाटलीत भरून लोकांना देणे बरेही नाही. लाल बोंडे मात्र फुलदाणीत बरेच दिवस टिकतात. मागच्या वर्षी उपकारस्तुतीच्या रविवारी वेदीजवळ ठेवलेली बोंडे आपल्यापैकी काहींनी पाहिली असतील. ती आमच्याच वाफ्यातली होती.

आता शेवटचे. एप्रिलच्या अखेरीस मुली सुट्टीला घरी जातात, आणि नेमकी तीच कंद उकरण्याची वेळ असते. दोन वर्षांपासून प्रत्येक मुलीला आम्ही एक कंद आणि एक बारीक फणी देऊन पाठवतो. घरी गेल्यावर आई, आजी आणि धाकटी भावंडे यांचेही केस विंचरायचे, असे सांगतो. घरच्यांच्या डोक्यांत उवा राहिल्या तर जूनमध्ये सगळे पहिल्यापासून सुरू होते, हे आम्ही अनुभवाने शिकलो आहोत.

त्या पळून गेलेल्या मुलीने यंदा दहावीची परीक्षा दिली. तिची वेणी कमरेपर्यंत आली आहे. ऑगस्टमध्ये मी तिच्या पाड्यावर गेले, तेव्हा मोरीच्या कडेला तीन दांडे उभे होते. आजीने एक हिरवे बोंड दाखवून विचारले, "ताई, हे लाल कधी होणार?" मी म्हटले, "गणपतीनंतर." तेवढीच आमची बोलणी झाली, पण परत येताना तिने मला वाटेत खायला काकड्या दिल्या.

ज्यांना कंद हवे असतील त्यांनी एप्रिलपूर्वी वसतिगृहात निरोप द्यावा, जेवढे निघतील तेवढे वाटून देऊ. आणि ज्यांना काही पाठवावेसे वाटते त्यांनी शाम्पूच्या पुड्यांऐवजी बारीक दातांच्या चांगल्या फण्या पाठवाव्यात. पन्नास मुलींमागे आमच्याकडे सध्या बाराच आहेत, आणि त्यांतल्या चारांचे दात मोडले आहेत.