घासतं तिथे भोक नको

"जिथं घासते तिथंच भोक पाडा ना जी, तेल डायरेक्ट जाते!" घुग्घुसच्या टिपरची पिन वळवणारा लेथ असो की मूल-वडसाकडच्या राइस मिलचा शाफ्ट वळवणारा, जुन्या यंत्राला तेलाची नवी जागा करायची म्हटली की हा सल्ला हमखास मिळतो. वाटतो बिनतोड, पण फिरत्या शाफ्टच्या बुशला लावला तर बुशच खातो.

पटत नसेल तर 1883 सालचा प्रयोग पाहा. ब्रिटनमधल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेसाठी बीचम टॉवर रेल्वे ॲक्सलसारखं बेअरिंग तपासत होते. भार वरून, तेल खालून. त्यांनी वर, म्हणजे नेमकं भाराच्या बाजूला, तेलासाठी भोक पाडलं. तर तेल तिथूनच बाहेर यायला लागलं! लाकडी बूच ठोकलं, तेही तेलाने ढकलून दिलं. गेज लावला तेव्हा दाब निघाला चौरस इंचाला 200 पौंडांहून जास्त, सरासरी भाराच्या दुपटीवर. का, ते 1886 मध्ये ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांनी गणिताने दाखवलं. फिरता शाफ्ट तेलाला निमुळत्या फटीत ओढतो, तिथे दाब तयार होतो आणि त्या दाबावरच शाफ्ट तरंगतो. तिथेच भोक पाडणं म्हणजे ट्यूबला स्वतःहून पंक्चर करणं.

मग भोक कुठे? जुना बुश काढा, आतून पाहा. जी बाजू झिजून चकाकतेय ती भाराची. तिच्या समोरच्या बाजूने तेल द्या, पुढचं शाफ्ट बघून घेतो.

लेथच्या सॅडलचं वेगळं. ते सावकाश सरकतं, तिथे असा दाब उभाच राहत नाही. भोक सॅडलला पाडा, बेडला नाही. खालच्या अंगाला तेल पसरवणारी खाच काढा आणि ती कडेच्या अलीकडेच थांबवा, नाहीतर तेल सरळ ट्रेमध्ये.

"आपल्याकडचं ऊन 45 च्या वर, तेल वाहून जाते, ग्रीसच बरं." ग्रीस टिकतं, आणि बिडाची भुकटी नि कोळशाची धूळही टिकवतं, त्याची पॉलिश पेस्ट होते. सरकपट्ट्यांना 68 नंबरचं तेल द्या, वाहताना ते घाण घेऊन जातं.

जळकं ऑइल? त्यात काजळी आणि धातूचे कण असतात. फुकट आहे, एवढाच त्याचा गुण.

भोक आधीच चुकीच्या जागी पडलं असेल, तर गनमेटलचा नवा बुश वळवणं आलं. तोही शेजाऱ्याच्या लेथवर.