गुप्तहेरविषयक नभोनाट्यातील वृत्तान्ताची चौकट

समोरासमोरच्या संभाषणात ‘हा’, ‘तो’, ‘इथे’, ‘तिकडे’ ही दर्शक पदे बोलणाऱ्याच्या बोटाच्या वा नजरेच्या आधाराने निश्चितार्थ होतात. नभोवाणीवर हा आधार उरत नाही. गुप्तहेरकथेचा डोलारा तर बहुधा डोळ्यांनी टिपलेल्या पुराव्यावरच उभा असतो. ही कथा केवळ कानांच्या द्वारे कशी सांगावी, हा प्रश्न अमेरिकेतील नभोनाट्यलेखकांपुढे होता.

यावर पहिला उपाय संवादाचा. ‘टेबलावर रक्ताचा डाग आहे’ असे एका पात्राने दुसऱ्यास सांगावे. परंतु ज्याला तो डाग दिसतच आहे त्यास तो सांगणे अस्वाभाविक होय. वाक्य पात्राकरिता नसून श्रोत्याकरिता आहे, हे लगेच जाणवते. ध्वनीही अपुरा पडतो. पावलांच्या आवाजावरून कोणी आले एवढे कळते. कोण आले ते शब्दांवाचून कळत नाही.

वृत्तान्ताच्या चौकटीने ही अडचण दूर केली. ‘सॅम स्पेड’ या मालिकेत (१९४६–५१) नायक आपला अहवाल चिटणीस एफी हिला तोंडी सांगून लिहवून घेतो. १९४९ मध्ये सुरू झालेल्या ‘ड्रॅगनेट’मध्ये सार्जंट जो फ्रायडे वार, हवामान व आपली नेमणूक पोलिस-दप्तरातील नोंदीच्या थाटात सांगतो. ‘जॉनी डॉलर’ या मालिकेतील (१९४९–६२) विम्याच्या दाव्यांचा तपासनीस आपल्या खर्चाचा हिशेबच कंपनीस सादर करतो. ज्याला उद्देशून हे कथन होते, तो उघड असो वा गृहीत, घटनास्थळी हजर नव्हता. त्यामुळे दृश्याचे वर्णन त्याच्यासाठी आवश्यक, म्हणून स्वाभाविक ठरते.

डॉलरचा हिशेब विशेष अभ्यसनीय आहे. बाबीचा क्रमांक, रक्कम व कारण एवढे उच्चारले, की टॅक्सीचे भाडे किंवा विमानाचे तिकीट यांवरून स्थळ पालटते, काळ पुढे सरकतो आणि नवा प्रवेश सुरू होतो. लिखित हिशेबात डोळ्यांसाठी असलेला क्रमांक येथे परिच्छेदखुणेचे कार्य करतो. मागचे पान उलटू न शकणाऱ्या श्रोत्यास अशा खुणेची गरज अधिक असते.

कार्ल ब्यूलर यांनी १९३४ मध्ये दर्शनाचे तीन प्रकार मानले: प्रत्यक्ष वस्तूचे, संहितेतील पूर्वोक्ताचे आणि कल्पनेतील वस्तूचे. हिशेबातील बाब प्रथम स्थळाचे नाव देते. नंतरचा ‘तेथे’ त्या नावाकडे निर्देश करतो आणि त्याच्याच आधारे श्रोता कल्पनेत त्या स्थळी पोहोचतो. पहिल्या प्रकाराची उणीव उरलेले दोन अशा रीतीने भरून काढतात.

या चौकटीचे मोलही द्यावे लागते. वृत्तान्त सांगणारा जिवंत आहे हे आरंभीच कळल्याने त्याच्या जिवाविषयीची धाकधूक ओसरते. उत्कंठा उरते ती संकटातून तो कसा सुटला आणि अपराधी कोण, याविषयीची.

३० सप्टेंबर १९६२ रोजी ‘जॉनी डॉलर’ संपली. अमेरिकी नभोनाट्याचे सुवर्णयुगही त्या दिवशी संपले असे सामान्यतः मानतात. श्राव्य संहिता म्हणजे लिखित संहितेचे न्यून रूप, ही समजूत मात्र या मालिका ऐकल्यावर टिकत नाही. दृष्टीचा आधार गेला असता भाषा आपल्याच साधनांची नवी मांडणी करते, याचा त्या स्पष्ट पुरावा होत.